सतरा नंबरची टाइल

१

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता लिओपोल्दो मोन्तोरोने दोरी ओढली, जांभळा पडदा सर्रकन खाली आला, आणि भिंतीवर काहीच नव्हतं.

असायला हवी होती वीस टाइल्सची स्मृतिपाटी. वर 'थोर संगीतकार मायेस्त्रो औरेलियानो मोन्तोरो या घरात जन्मले' वगैरे मजकूर, आणि खाली त्यांच्या 'विहिरीची वाट' या चालत वाजवायच्या मार्चचं हस्तलिखित पान निळ्या रंगात, हुबेहूब. त्याऐवजी समोर नुसतं करडं सिमेंट होतं आणि भिंतीच्या पायथ्याशी निळ्या-पांढऱ्या ठिकऱ्यांचा ढीग. बेनिअल्फास गावचे दोन्ही बँड, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा, छाती भरून वाजवायच्या तयारीत उभे होते. एका क्लॅरिनेटमधून चुकून 'चूं' असा आवाज निघाला.

ढिगातून एक हातोडा डोकावत होता. लिओपोल्दोने तो उचलून डोक्यावर धरला. ऑलिव्हच्या लाकडाचा दांडा, त्यावर डाग देऊन काढलेली दोन अक्षरं: से. बो.

"सेरापिओ बोर्देस!" लिओपोल्दो ओरडला. "आज दुपारी दोनला फटाक्यांच्या धडधडाटात अख्खं गाव चौकात होतं. तेव्हा हातोड्याचा आवाज कुणाला ऐकू येणार होता? आणि चौकात कोण नव्हतं? हाच एकटा!"

सगळ्या माना वळल्या. सेरापिओ खालच्या बँडच्या शेवटच्या रांगेत उभा होता, एक्क्याऐंशी वर्षांचा, अंगात कडक इस्त्रीचा गणवेश, पोटाशी पितळी बोंबार्दिनो धरलेला. हे वाद्य तो चौसष्ट वर्षं वाजवत होता. आणि मायेस्त्रोंवर त्याचा राग आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. 'विहिरीची वाट'मधला मधला तुकडा, जो सगळं गाव आंघोळ करताना गुणगुणतं, तो माझा आहे, मायेस्त्रोने माझ्याकडून घेतला, असं तो शेहेचाळीस वर्षं सांगत होता. गाव शेहेचाळीस वर्षं हसत होतं.

"मी नाही फोडली," सेरापिओ म्हणाला. "मला फोडायची असती तर जिवंत मायेस्त्रोचं थोबाड फोडलं असतं."

झालं! वरच्या बँडमध्ये एकच गलका उठला. लिओपोल्दो वरच्या बँडचा अध्यक्ष आणि मायेस्त्रोंचा सख्खा पुतण्या. त्याने तिथेच जाहीर केलं, की खालच्या बँडच्या यादीतून या माणसाचं नाव काढल्याशिवाय उद्याच्या गावच्या संताच्या, सान रोकेच्या, मिरवणुकीत वरचा बँड पाऊल टाकणार नाही. खालच्या बँडचा अध्यक्ष अनिसेतो म्हणजे पोटातून घाबरट माणूस. घाम पुसत म्हणाला, "उद्या एक वाजता सभा घेऊ. काढू नाव."

नाव काढणं ही साधी गोष्ट नव्हे. बेनिअल्फासमध्ये वादक मेला की त्याला गणवेश घालून शवपेटीत ठेवतात आणि अख्खा बँड त्याला वाजवत दफनभूमीपर्यंत पोचवतो. यादीत नाव नसेल तर गणवेश परत द्यायचा आणि पाद्रीबुवांच्या मागून मुकाट्याने जायचं. सेरापिओची बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्याच्याकडे उरलं होतं ते तेवढंच. अंगाने वाळला म्हणून गेल्या दोन वर्षांत दोनदा त्याने तो गणवेश आटवून घेतला होता.

गर्दीतून पंखा आपटत कासिल्दा फेर्रान्दिस पुढे आली. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं तिने या गावाच्या पोरांना सूर वाचायला शिकवले होते, दोन्ही आळ्यांच्या. त्यामुळे महापौरापासून खाटकापर्यंत सगळे तिला बाईच म्हणत.

"काय रे, चौकशी नाही, विचारपूस नाही, आणि शिक्षा ठरली पण?"

"बाई, पोलिस म्हणतात सण झाल्यावर बघू," अनिसेतो पुटपुटला.

"सण झाल्यावर! म्हणजे माणसाची इज्जत गेल्यावर!" बाईंचा आवाज चिरका झाला. त्यांनी वाकून सिमेंटवर बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "एक ठिकरी कुणी हलवली तर याद राखा. टोपल्या आणा. हे सगळं माझ्या घरी जाईल."

टाइल्सच्या पाठीवर नंबर होते. तासाभरात बाईंनी जेवणाच्या टेबलावर ठिकऱ्या जुळवल्या. एकोणीस टाइल्स भरल्या. सतरा नंबरचा एक कपचासुद्धा नव्हता.

२

रविवारी सकाळी आठलाच बाई सेरापिओच्या दारात उभ्या राहिल्या. तो ओट्यावर बसून गणवेशाची बटणं घासत होता. एक वाजता परत द्यायचा असलेला गणवेश! ते बघून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हातोडा तुमचाच ना?"

"माझाच. बँडच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. खुर्च्या मीच ठोकतो. सणात ती खोली धर्मशाळा असते, कुणीही यावं, काहीही न्यावं."

"आणि दोन वाजता चौकात का नव्हतात?"

"छातीत यंत्र बसवलंय. डॉक्टर म्हणाला, फटाके ऐकायचे तर आधी पाद्र्याला बोलवून ठेव." त्याने बटणावर थुंकी लावली. "तू कशाला आलीस, कासिल्दा? तूही हसलीच होतीस की."

खरं होतं ते. वीस वर्षांपूर्वी सेरापिओ बाईंच्या वर्गात आला होता आणि म्हणाला होता, पोरांना मधला तुकडा चुकीचा शिकवू नकोस. त्यांनी छापील पान त्याच्या नाकासमोर धरलं होतं आणि पोरांदेखत म्हणाल्या होत्या, "इथे छापलंय ते खरं की तुम्ही म्हणता ते?" पोरं खो खो हसली होती.

सेरापिओ परत बटणांकडे वळला आणि सवयीने गुणगुणू लागला. तोच तुकडा. चौथ्या मापातल्या, म्हणजे तालाच्या चौथ्या घरातल्या, वरच्या सुरावर येऊन तो थांबला. चांगला थांबला, दोन श्वास जातील एवढा. मग पुढे गेला.

"तिथे थांबायचं नसतं," बाईंच्या तोंडून निघून गेलं. मास्तरकीची खोड, जिभेवरून जाते थोडीच!

"तुला नसेल," सेरापिओ म्हणाला. "मला आहे."

३

गवंडी ब्लाय अंगणात पाएयाच्या भातासाठी संत्र्याची लाकडं पेटवत होता. बाईंना बघताच त्याने विडी मागे लपवली. पन्नाशीचा बाप्या, पण बाईंसमोर अजून तिसरीतला.

"पाटी तू बसवलीस ना? कधी?"

"शुक्रवारी संध्याकाळी सहाला, बाई. सातला काम संपलं."

"आणि सिमेंट वाळलं कधी?"

"आठ-साडेआठपर्यंत ओलं असतं. सकाळी दगड!"

"मग नीट विचार करून सांग. शनिवारी दुपारी त्या टाइल्सवर कुणी हातोडा मारला तर काय होईल?"

ब्लायने डोकं खाजवलं. "फुटतील. पण निघणार नाहीत बाई, मी बसवलेल्या आहेत! अर्धे कपचे भिंतीलाच राहतील. ते काढायला छिन्नी लागेल आणि सिमेंटची पार चाळण होईल."

"भिंत बघितलीस तू?"

"नाही. लाजेने गेलोच नाही."

"भिंतीवर एक कपचा नाही. टाइलच्या पाठीवर त्या रेघा असतात ना, त्यांचे ठसे सिमेंटमध्ये जसेच्या तसे आहेत. साच्यातून केक काढावा तसे."

ब्लायचा चेहरा उतरला. विडी खाली पडली. "म्हणजे ओल्यातच काढल्या. शुक्रवारीच!"

"शुक्रवारीच. तेव्हा फटाके नव्हते आणि सेरापिओही नव्हता. तो साडेसहापासून नऊपर्यंत सगळ्यांबरोबर तालमीला बसला होता. मग टाइल्स काढून, धुऊन, फोडून पडद्यामागे ओतल्या. हातोडा टाकला की झालं! मला सांग, शुक्रवारी तिथे कोण कोण होतं?"

"बाई, आईची शपथ, मी सातला घरी आलो, बायकोला विचारा. तिथे लिओपोल्दो होता, पडदा टांगायला. आणि रोसेर, टाइल्स रंगवणारी. खोकी घेऊन तीच आली होती." ब्लायने आवाज खाली केला. "दोघांचं कडाक्याचं वाजलं. तिला पाटीवर स्वतःची सही हवी होती. हा म्हणाला, माझ्या काकांच्या पाटीवर कुंभारणीचं नाव नको. ती म्हणाली, असली पाटी फुटलेली बरी!"

"सही कुठे करतात?"

"खाली, कोपऱ्यात."

बाईंनी मनात टाइल्स मांडल्या. चार-चारच्या पाच ओळी. सतरा नंबर खालच्या ओळीत येतो, अगदी कोपऱ्यात.

४

"फुटलेली बरी असं म्हणाले, हो म्हणाले!" रोसेर भट्टीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. "अडीच महिने काम केलंय बाई. एक-एक रेघ. आणि मला कुंभारीण म्हणतो? तोंड बघा त्याचं!"

"सतरा नंबर गायब आहे. कोपऱ्यातली टाइल."

"मग? सही उजव्या कोपऱ्यात करतात. वीस नंबरवर. सतरा डावीकडे येते." रोसेरने वीस नंबरची ठिकरी बाईंनी सोबत आणलेल्या टोपलीतून काढून दाखवली. कोपरा कोरा होता. "सही केलीच नाही मी. भांडण झालं ते परवानगी मागितली म्हणून. न विचारता केली असती तर बरं झालं असतं."

बाईंनी नाक उडवलं. तेही पटण्यासारखं होतं. जिने सहीसाठी भांडावं तिने सही नसलेला कोपरा पळवून काय लोणचं घालायचं?

"मग सतरावर होतं काय?"

"मला काय कळतंय बाई, मी सुरांची भाषा शिकले नाही. तुम्हीच मला वर्गातून हाकललं होतं. लिओपोल्दोने वहीच्या पानाची झेरॉक्स दिली, त्यात जे दिसलं ते मी काढलं. बारीकसारीक, फिकट, सगळं. डावीकडे समासात पेन्सिलीचं काहीतरी होतं, झेरॉक्समध्ये जेमतेम उमटलेलं. मी म्हटलं मायेस्त्रोंचा हात आहे, सोडायचं कशाला? तेही निळ्यात काढलं. भाजल्यावर छान उठून दिसत होतं."

बाईंचा पंखा थांबला. "ती झेरॉक्स कुठे आहे?"

"नेली की त्याने. काल सकाळी आठला. सणाच्या दिवशी, मी आंघोळीला निघालेली, हा दारात हजर. म्हणे काकांच्या आठवणी एकत्र ठेवायच्यात."

काल सकाळी आठला! पडदा सरकायच्या दहा तास आधी, पाटी धडधाकट आहे असं सगळं गाव समजत असताना! बाईंची कानशिलं तापली. पण राग वेगळा आणि पुरावा वेगळा. झेरॉक्स गेली, टाइल गेली, आणि वरच्या बँडच्या कपाटातली मायेस्त्रोंची ती वही लिओपोल्दो मरेपर्यंत कुणाला दाखवणार नव्हता. सव्वाबारा झाले होते.

"म्हणजे त्यावर काय लिहिलं होतं ते आता देवालाच ठाऊक," बाई कडवटपणे म्हणाल्या.

"देवाला कशाला?" रोसेर म्हणाली. "माझ्या कागदाला आहे ना."

"कसला कागद?"

"टोचकागद. टाइलवर थेट काढत नाही कुणी, बाई. आधी पातळ कागदावर चित्र घ्यायचं, सुईने रेघांवर भोकं पाडायची, टाइलवर ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची. खाली ठिपके उमटतात, मग ब्रशने जोडायचे. त्याला कुठलं माहीत असणार? त्याच्या मते कुंभारीण डोळे मिटून काढते." तिने फळीवरून गुंडाळी ओढली. कागद नुसता पांढरा दिसत होता, उन्हात धरल्यावर भोकं चमकली. "सतरा हवाय ना?"

५

सभा खालच्या बँडच्या खोलीत होती. दोन्ही बँड दाटीवाटीने बसले होते. समोरच्या टेबलावर सेरापिओने गणवेश घडी घालून ठेवला होता, वर टोपी. स्वतः तो साध्या शर्टात उभा होता आणि कुणाकडेही बघत नव्हता.

"आटपू या," लिओपोल्दो म्हणाला. "घरोघरी भात शिजत असेल."

"भात करपू दे!" दारातून बाई कडाडल्या. मागे रोसेर होती, हातात एक कोरी टाइल आणि गुंडाळी. ब्लायही टोपी चुरगाळत आत आला.

बाईंनी आधी भिंत सांगितली. ब्लायने उठून सिमेंट कधी वाळतं ते सांगितलं. खोलीत कुजबूज सुरू झाली. शुक्रवारी सात ते साडेआठ पाटीजवळ कोण होतं? पडदा टांगणारा. शनिवारी सकाळी आठला झेरॉक्स परत न्यायची घाई कुणाला होती?

"मी काकांची पाटी फोडीन?" लिओपोल्दो लालबुंद झाला. "मीच ती लावायला वर्षभर धडपडलो! कशासाठी फोडीन?"

"त्याच्याकडेच येतेय. सेरापिओ, मधला तुकडा गुणगुणा."

"इथे? हसायला?"

"माझ्यासाठी."

सेरापिओने बाईंकडे बघितलं, घसा खाकरला आणि गुणगुणला. चौथ्या मापात वरच्या सुरावर थांबला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "चुकला म्हातारा."

"कोण हसलं? हसून घ्या," बाई म्हणाल्या. "छापील पानावर इथे थांबा नाही. शेहेचाळीस वर्षांत कुठल्याही वादकाच्या कागदावर तो नव्हता. मायेस्त्रोंची मूळ वही वरच्या बँडच्या कपाटात कुलपात, सेरापिओने ती जन्मात बघितलेली नाही. बरोबर ना, लिओपोल्दो?"

"बघितलेली नाहीच! खालच्या बँडच्या माणसाला ती वही कोण दाखवेल?" तो म्हणाला, आणि म्हणून बसल्यावर त्याचं त्यालाच कळलं की चूक झाली.

रोसेरने कोऱ्या टाइलवर कागद ठेवला, कोळशाची पुरचुंडी थोपटली आणि कागद अलगद उचलला. अनिसेतो वाकला. पाच रेघांवरचे सूर ठिपक्याठिपक्यांनी उमटले होते. चौथ्या मापात, वरच्या सुराच्या डोक्यावर, छोटी कमान आणि तिच्याखाली एक टिंब. इथे थांब, ही खूण. जिथे सेरापिओ थांबला होता, तिथेच. आणि डावीकडच्या समासात मायेस्त्रोंच्या तिरक्या अक्षरात दोन ओळी. अनिसेतोने त्या मोठ्याने वाचल्या.

"'मधला तुकडा सोमवारी त्याने आणून दिला तसाच. एक सूरही हलवायचा नाही.'"



"वहीत ही पेन्सिल पुसट होती, कधी कुणाच्या डोळ्यांत आली नाही," बाई म्हणाल्या. "या पोरीने ती इमानाने निळ्या रंगात काढली. शुक्रवारी टाइल्स भिंतीवर चढल्या तेव्हा पहिल्यांदा लिओपोल्दोने ती वाचली. एक टाइल काढली असती तर भोक दिसलं असतं, म्हणून वीसच्या वीस काढल्या. आणि बदनाम कोणाला करायचं? जो आधीच बदनाम आहे त्याला! अरे, चोरी काकाने केली असेल. पण तू या माणसाचं मरणसुद्धा चोरायला निघालास!"

लिओपोल्दोने टाइल दूर सारली. "काकांना या गावाबाहेर कोण ओळखतं? जे काही नाव आहे ते त्या तुकड्यावर आहे. तो गेला तर त्यांचं उरतं काय?"

"जे त्यांचं होतं ते," बाई म्हणाल्या. "सतरा नंबर कुठे आहे?"

"पाण्याच्या पाटात टाकली," तो पुटपुटला, आणि वाट काढत बाहेर गेला. त्याला कुणी अडवलं नाही, त्याच्या मागेही कुणी गेलं नाही.

अनिसेतोने घाईघाईने गणवेश उचलून सेरापिओपुढे धरला. "सेरापिओकाका, माफ करा. नाव राहणार! नवी पाटी होईल, तुमच्या नावासकट!" आणि टाळ्या सुरू झाल्या. काल ज्यांनी माना वळवल्या होत्या त्यांचेच हात.

"बंद करा!" सेरापिओने टेबलावर मूठ आपटली. टोपी खाली पडली. "टाळ्या वाजवता? माझी बायको पुरा गेली ती नवरा खोटारडा आहे असं ऐकत गेली. तिला कोण सांगणार आता? आणि भिंतीवर नाव नको मला. शेहेचाळीस वर्षं तुम्ही तो तुकडा चुकीचा वाजवताय! मी शेवटच्या रांगेत बसून दात-ओठ खात तुमच्याबरोबर चुकीचा वाजवलाय! विहिरीच्या वाटेवर चढ लागला की आमचं खेचर थांबायचं. पुरा घागरी सावरायची. म्हणून तिथे थांबायचं. मायेस्त्रोने छापताना काढून टाकलं, म्हणे चालताना बँडला थांबता येत नाही. खेचराला येतं, तुम्हाला येत नाही?" मग तो बाईंकडे वळला. "आणि तू, कासिल्दा. तू पोरांना शिकवलंस."

"शिकवलं," बाई म्हणाल्या. त्यांनी पंखा मिटला. "दोन पिढ्यांना. थांबलेल्या पोरांना छड्या मारल्या."

संध्याकाळी सान रोकेची मिरवणूक निघाली. वरचा बँडही आला, अध्यक्षाविना. सेरापिओने गणवेश घातला होता, पण शेवटच्या रांगेत तो उभा राहिला नाही. बोंबार्दिनो घेऊन सरळ पुढे गेला आणि त्याला मागे जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. चढाच्या रस्त्यावर 'विहिरीची वाट' सुरू झाली. मधला तुकडा आला. चौथं माप आलं. सेरापिओने वरचा सूर धरला आणि पाय रोवून उभा राहिला.

दोन्ही बँड थांबले. मागे सान रोकेची मूर्ती वाहणारे एकमेकांवर आदळले, मूर्ती डुलली, पाद्रीबुवा 'काय झालं, काय झालं' करू लागले. कडेला उभ्या असलेल्या बाई ओठ घट्ट मिटून श्वास मोजत होत्या, एक, दोन. सेरापिओ सूर सोडेपर्यंत कुणी पाऊल उचललं नाही.